पोस्टाने येणारी उंची

प्रिय टाचणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, दुकान चालू आहे, चष्म्याचा नंबरही वाढलेला नाही. दर रविवारी फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं तुला वाटणार. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. दुसऱ्या मिनिटाला मी हवापाण्यावर घसरतो, तिसऱ्या मिनिटाला तू 'बरं बाबा, ठेवते' म्हणतेस, आणि जे बोलायचं होतं ते मला नंतर आठवतं. पत्रात तुला मधेच 'ठेवते' म्हणता येत नाही आणि मला पळ काढता येत नाही. सांगायचंय ते एकदम सांगणं मला जमणार नाही, वळसा घालून येईन. तुझी आई म्हणायची, यांना सुईत दोरा ओवायला सांगा, हे कापसाच्या बोंडापासून सुरुवात करतील.

तर बातमी अशी की मी माळा नव्याने करून घेतला. तुझ्या खोलीवरचा. तू हल्ली तिला 'वरची खोली' म्हणतेस, मी अजून टाचणीची खोलीच म्हणतो. चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात तुम्ही आला होतात तेव्हा तुझा बटण चार वर्षांचा होता. आठ दिवस राहणार होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोकायला लागला, तू म्हणालीस खोली कोंदट आहे, आणि मी म्हणालो, घराला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेव.  तू बटणाच्या स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढलीस आणि दुपारच्या गाडीने गेलात. तेव्हापासून येतेस ती उन्हाळ्यात, दोन दिवस, आणि झोपायला मैत्रिणीकडे जातेस. मी कधी काही म्हटलं नाही. पण तुम्ही यायच्या आधी दर वेळी मी वरच्या पलंगावर धुतलेली चादर घालतो, आणि तुम्ही गेलात की ती तशीच, एकही चुणी न पडलेली, काढून ठेवतो. चादर काढायला मला फार वेळ लागतो.

माझा हिशेब साधा होता. खोली गार पडते म्हणून पोर खोकलं. माळ्यावर ग्लासवूलचा, म्हणजे थंडी अडवणाऱ्या काचेच्या कापसाचा, आणखी जाड थर घातला की खोली उबदार होईल, आणि मग तुला 'ये' म्हणायला मला तोंड राहील. म्हणून या वर्षी थंडी पडायच्या आधीच मिस्त्रीला बोलावलं.

आली ती मिस्त्रीण. तिशीची, काडीसारखी, कपाळाला दिवा बांधलेला. मला वाटलं हिला शिडी तरी पेलेल का. तिने आल्या आल्या थर किती जाड हवा वगैरे काही विचारलं नाही. वायरिंग किती जुनं आहे ते विचारलं. मी म्हटलं, घराइतकंच. मग आधी वायरमन आणा, ती म्हणाली, जुन्या तारा वूलच्या गादीखाली दाबल्या की तापतात, मी त्यावर काही अंथरणार नाही. दोन दिवस त्यात गेले. मग तिने माझ्या नाकातोंडावर जाड मास्क बांधला, हातमोजे दिले, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला, वर फळ्या टाकल्या आणि बजावलं, की काका, पाय फक्त तुळईवर नाहीतर फळीवर, मधे नुसतं खोलीचं पातळ छत आहे. हे ऐकून मी मास्कच्या आत इतका हसलो की तिला वाटलं म्हातारा चळला.

तुला आठवतो ना तो पाय? तू सात वर्षांची होतीस. माळ्यावर ग्लासवूल अंथरायचं काम मी स्वतःच काढलं होतं आणि तुझ्याकडे केरसुणीचा दांडा दिला होता. तू पलंगावर उभी राहून खालून ठोकायचीस. एकदा ठोकलं की इथे दिवा आहे, दोनदा म्हणजे इथे भिंत, तीनदा म्हणजे आई जेवायला बोलावतेय. मी वर त्या आवाजावर सरकायचो. सगळं अंथरून झालं, आणि आपली कलाकुसर जरा लांबून बघावी म्हणून हा उंटावरचा शहाणा एक पाऊल मागे सरला. पाय तुळई सोडून थेट छतातून खाली, गुडघ्यापर्यंत, तुझ्या पलंगावर. आई ओरडली. आणि तू काय केलंस, तर माझी चप्पल काढून तळव्याला गुदगुल्या केल्यास. मी वर अडकलेलो, हलता येईना, शिव्या देता येईनात. मग तू रस्त्याला धावलीस, शेजारच्या मास्तरांना 'बाबांचा पाय बघायला चला' म्हणून ओढून आणलंस, पुन्हा धावलीस, आणखी कोणाला आणलंस. त्या जिन्यावरून वीस तरी फेऱ्या मारल्या असशील, वर खाली, वर खाली, सगळा वेळ खिदळत. हे मी उगाच आठवून सांगत नाही. पुढे लागणार आहे, लक्षात ठेव.

ते काम मी काढलं होतं तुझ्यासाठीच. तू बारीक, सदा गारठलेली. हिवाळ्यात खाली दुकानात येऊन इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचीस, कारण तिथे वाफेची ऊब असायची. मला वाटलं आपण शिंपी, माणसांना रजया शिवतो, घरालाच एक शिवू. विकणाऱ्याने जेवढं सांगितलं त्याच्या दीडपट ग्लासवूल आणलं आणि रजईत कापूस भरावा तसं दाबून दाबून कोंबलं. आणि वळचणीशी, जिथे छप्पर भिंतीला टेकतं तिथे, चारी बाजूंनी फटी होत्या. बाहेरचा उजेड दिसायचा, वारा यायचा. आता शिंप्याला उसवलेली कड दाखवली की त्याचे हात शिवशिवतात. मी दुकानातल्या चिंध्यांची तीन पोती वर नेली आणि एकूण एक फट ठासून बंद केली. उजेडाची रेघसुद्धा राहू दिली नाही. खाली येऊन तुझ्या आईला ऐटीत सांगितलं, घराची कड दुमडून आलोय, आता दोरासुद्धा हलायचा नाही.

मिस्त्रीण वर गेली. खाली आली ती मूठभर चिंध्या घेऊन. काळ्या, ओलसर, कुबट वास. त्यातली एक मी ओळखली, तुझ्या फुलाफुलांच्या फ्रॉकची. जिन्यावर बसून तिने मला समजावलं. रागावून नाही, कापड कमी पडतंय हे आपण गिऱ्हाइकाला सांगतो ना, त्या सुरात. घरातली वाफ वर चढते. स्वयंपाकाची, आंघोळीची, आपल्या श्वासाची, आणि या घरात तर दिवसभर इस्त्रीची. दिव्याच्या भोकातून, नळाच्या पाइपाशेजारून, माळ्याच्या झाकणाच्या कडेने ती माळ्यावर जाते. आधी वळचणीच्या वाऱ्याने ती बाहेर निघून जायची. मी ती वाट बंद केली. मग ती वाफ तिथेच बसली, वूलमध्ये मुरली, छताच्या पाठीवर साचली, आणि तिथे बुरशी धरली. नेमकी तुझ्या पलंगावर, कारण इस्त्रीचं टेबल बरोबर त्याच्या खाली. दाबून भरलेल्या वूलने ऊबही मिळाली नव्हती, ऊब वूलमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि ती मी पिळून काढली होती. ती म्हणाली, "फटी दोन जातीच्या असतात, काका. खालून वर जाणाऱ्या बुजवायच्या, वळचणीच्या उघड्या ठेवायच्या. तुम्ही नेमकं उलटं केलंत."

तुझी आई म्हणायची, या घराला घाम येतो. दर आठवड्याला स्टुलावर चढून तुझ्या खोलीचं छत फडक्याने पुसायची. मी म्हणायचो, तुला काय कळतंय त्यातलं. सहा वर्षं झाली तिला जाऊन, आणि आज मला तिला सांगायचंय की तुलाच कळत होतं. ते ऐकायला ती नाही. अति तिथे माती म्हणतात, पण ती माती माझ्या एकट्याच्या डोक्यावर पडली असती तर चाललं असतं.

मग मिस्त्रिणीने विचारलं, या खोलीत कोण झोपायचं. मी म्हटलं, मुलगी, पण ती आठव्या वर्षीच आत्याकडे पठारावर गेली, छातीची नाजूक होती, सारखा खोकला. तिने हात पुसता पुसता विचारलं, "खोकला माळा करायच्या आधी होता, की नंतर लागला?" मी ताडकन म्हणालो, जन्मापासून. ती बरं म्हणाली आणि हात धुवायला गेली. मी मशीनवर येऊन बसलो आणि एका शर्टाला डाव्या खांद्यावर उजवी बाही लावली. पन्नास वर्षांत असं झालेलं नव्हतं. ती बाही उसवत असताना मला तो पाय आठवला, टाचणी. वीस फेऱ्या आठवल्या. तू जिन्यावरून धावत होतीस, खिदळत होतीस, संध्याकाळपर्यंत तुझा दंगा चालला होता, आणि तू एकदाही खोकली नव्हतीस. त्याच्या आधीही नाही. तू गारठायचीस, खोकायची नाहीस. खोकला सुरू झाला तो मी घराची कड दुमडल्यावर, दोन महिन्यांनी.

'जन्मापासून' म्हणताना मी खोटं बोललो नाही गं. इतक्या वर्षांत घरात सगळे तसंच म्हणत आले, की मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. आणि पुरावा तर आपल्या नाकासमोर होता. तू आत्याकडे गेलीस की दोन महिन्यांत खोकला गायब. सुट्टीत घरी आलीस की चार दिवसांत परत. आम्ही तिघं शहाणे, मी, तुझी आई आणि म्हातारे डॉक्टर, माना डोलवायचो की हिला इथली हवा मानवत नाही. गावाची हवा चांगलीच होती. आम्ही सुट्टी अर्धी टाकून तुला परत सोडून यायचो.

दहा वर्षं. ती दहा वर्षं मला कशी मिळाली ते तुला कधी सांगितलं नाही. दर सहा महिन्यांनी आत्या एक पोस्टकार्ड टाकायची. खांदा, छाती, बाही, पूर्ण उंची. तुझे शाळेचे कपडे मी त्यावरून शिवून पाठवायचो. तुझी उंची मला पोस्टाने यायची, टाचणी. बाकीच्या बापांना ती दाराच्या चौकटीपाशी रोज दिसते. तू अकरा वर्षांची असताना एका कार्डात उंची चार इंचांनी वाढली. तुझ्या आईला वाटलं आत्याने चुकीचं लिहिलं. मग तिने माझा खडू घेतला, टेप लावून भिंतीवर तेवढ्या उंचीची रेघ मारली, आणि त्या रेघेच्या शेजारी उभी राहिली, तू आता तिच्या कुठवर येतेस ते बघायला. बराच वेळ उभी होती. मी कातरीला धार लावत बसलो. मापाच्या वहीत ते पान अजून आहे. गिऱ्हाइकांची पानं भरली की मी फाडतो, ते ठेवलंय.

पंधरा वर्षांची असताना तू मला गाडीच्या थांब्यावर विचारलंस, "बाबा, मला घरी का नेत नाही?" आणि मी म्हणालो, "तू नाजूक आहेस, बेटा." तू मान हलवलीस आणि त्यानंतर कधी विचारलं नाहीस. त्यापुढे मी बघत आलो, तू पोहायला शिकली नाहीस, मैत्रिणी डोंगरावर गेल्या तर तू पायथ्याशी त्यांच्या चपला सांभाळत बसलीस, पठारावरची धडधाकट पोर, पण जिना चढताना मधे उगाच थांबायचीस. दमायची नाहीस, थांबायचीस. मी दिलेलं माप होतं ते, आणि तू स्वतःला त्यात बसवून घेतलंस.

आता माळ्याचं सांगतो, मग मूळ गोष्ट. सगळी कुजकी गादी आणि चिंध्या जाड पिशव्यांत बांधून बाहेर काढल्या, तुझ्या पलंगावरचं छत कापून नवं बसवलं. त्यामुळे माझा पाय गेला होता तिथल्या ठिगळाचाही निकाल लागला, त्याचं मात्र थोडं वाईट वाटलं. आधी खालच्या फटी बुजवल्या. कुठे वारा येतोय ते कळायला मिस्त्रीण तळहात फिरवत होती, मी तिला रेशमी दोऱ्याचा तुकडा दिला. फटीपाशी धरला की लगेच थरथरतो. ती म्हणाली, हे बरं आहे, पुढच्या घरी नेते. धुराड्याभोवती पत्र्याचं कडं केलं, वूल त्याला टेकता कामा नये. वळचणीच्या फटी मोकळ्या केल्या, पाखरं आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावली, आणि प्रत्येक दोन वाशांमध्ये एक पन्हळ बसवली, म्हणजे वूल फुगलं तरी वाऱ्याची वाट अडणार नाही. मग वूल अंथरलं, अलगद, न दाबता. थर सगळीकडे सारखा आहे ना हे बघायला माझ्या जुन्या टेपांचे तुकडे करून तुळयांवर उभे ठोकलेत, मान वर केली की इंच वाचता येतात. मला शिवायला मिळालं ते फक्त माळ्याच्या झाकणाचं आवरण. त्याच्या कडा मात्र मी दुमडल्यात, तिथे परवानगी होती.

आणि खालून ठोकायला कोण, तर मी. वर मिस्त्रीण, खाली तुझ्या पलंगावर हा म्हातारा केरसुणीचा दांडा घेऊन. एकदा ठोकलं, इथे दिवा. दोनदा ठोकलं, इथे भिंत. काम संपल्यावर मी सवयीने तीनदा ठोकलं. तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता, ती वरून 'काय झालं काका' म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. आता खोलीत कसलाही वास येत नाही. दोन आठवडे झाले, मी रोज इस्त्री चालवतो आणि मग वर जाऊन छताला हात लावून बघतो. कोरडं आहे.

हे पत्र लिहायला मी बसलो तो मागच्या रविवारी तू सांगितलंस त्यामुळे. बटणाचं नाव शाळेने धावण्याच्या शर्यतीत घातलं आणि तू ते काढून घेतलंस. म्हणालीस, दोनदा खोकला होता, माझ्यावर गेलाय, नाजूक आहे. मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, आणि मी तुला विचारलं, तिकडे थंडी किती आहे. सोमवारी मी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, तीस वर्षांनी छातीठोक काही सांगता येत नाही, पण जो खोकला खोली बदलली की दोन महिन्यांत जातो तो छातीचा दोष नसतो. मुलाला एकदा तिथल्या डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले तर पळू द्या. तेव्हा ऐक. तू नाजूक नव्हतीस. कधीच नव्हतीस. माझं घर आजारी होतं, ते मी माझ्या हातांनी आजारी पाडलं होतं, आणि नाव तुझं लावलं. त्यापायी तुझं घर गेलं, तुझ्या आईची तू गेलीस, माझी गेलीस. तू रागावलीस तर ते रास्त आहे, कितीही दिवस रागाव, मी कुठे जात नाही. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण बटणाचं नाव परत घाल. आणि राग ओसरला, किंवा नाही ओसरला तरी, एकदा या हिवाळ्यात ये. पलंगावर चादर घातली आहे. बटणासाठी गरम कोटाचं कापड आणून ठेवलंय, निळं, तुला आवडायचं तसं. फक्त एक कर, त्याची मापं पोस्टाने पाठवू नकोस.

तुझाच,
बाबा